सत्तावीस सेकंद

११ जानेवारी २०२५, शनिवार

आले एकदाची! मुंबईच्या धक्क्यावर उभी राहून वर बघितले तर जहाज कुठे संपते तेच दिसेना. आमच्या पाळी गावाहून बसने साखळी, साखळीहून पणजी आणि तिथून मुंबई. पाय सुजलेत, पण जीव हलका झालाय. ही वही पणजीत कागदपत्रांच्या रांगेत उभी असताना घेतली होती. शाळा सुटल्यापासून रोजनिशी लिहिली नव्हती. आता सहा महिने रोज लिहायची.

मी करमणूक विभागात आहे. प्रवाशांना कंटाळा येऊ द्यायचा नाही, एवढेच माझे काम. सकाळी आठला व्यायाम, अकराला हाउजी, दुपारी तीनला नाच, संध्याकाळी अंताक्षरी, आणि नंतर नाट्यगृहाच्या दारात हसत उभे राहायचे. गावात अंगणवाडीच्या मुलांना सांभाळण्यापेक्षा हे काही फार वेगळे नसावे.

खोली अगदी खालच्या मजल्यावर, एकावर एक दोन पलंग. कोमल म्हणून सावंतवाडीची मुलगी सोबत आहे. ती लहान मुलांचे खेळ घेते. मी आल्या आल्या तिला विचारले, जनेल कुठेय? ती पोट धरून हसली. म्हणाली, "गो बाये, जनेल उघडशीत तर आख्खो समुद्र आत येतलो!"

खिडकी नाही म्हणजे आपण पाण्याच्या खाली झोपतो. हे मला आधी कोणी सांगितले नव्हते.

पिशवी उघडली. माझी मैत्रीण सिद्धी, तिच्या आईने, सुशीला मावशीने दिलेल्या चण्याच्या लाडवांतला एकही फुटला नाही. खाली तिने मऊ कापडात गुंडाळलेल्या सहा हिरव्या काचेच्या बांगड्या. सिद्धीसाठी साखळीच्या बाजारातून डझन आणल्या होत्या, त्यातल्या उरलेल्या. निघताना मावशी म्हणाली होती, तिचे स्वप्न तू पुरे कर. मी मान डोलावली. दुसरे काय करणार होते?

१२ जानेवारी, रविवार

दिवसभर सुरक्षेचे शिक्षण. आमचे साहेब प्रज्योत सर पेडण्याचे. बारा वर्षे जहाजावर आहेत, तरी बोलणे अजून पेडण्याचेच. माझी पाटी वाचून म्हणाले, डिचोलीची का? तुम्ही बायका फुगडी घालता की खाणीतला माल धुणारा पट्टा फिरवता? मी म्हटले, सर, आमच्या पट्ट्यावर तुमचे पेडणे आठवड्याला एकदा धुऊन निघते. सगळे हसले. बरे वाटले.

लाइफजॅकेट बांधायला शिकले. भोंग्याचे अर्थ पाठ केले. एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. कोणी पाण्यात पडलेले दिसले तर ओरडायचे, हात लांब करून त्या माणसाकडे बोट दाखवायचे, आणि मदत येईपर्यंत नजर हलवायची नाही. शिट्ट्या वाजू देत, कोणी हाक मारू दे, आपले बोट आणि आपली नजर तिथेच. नजर काढली की त्या लाटांत माणूस पुन्हा सापडत नाही.

सरावासाठी एक नारिंगी बाहुला पाण्यात टाकला. माझी पाळी आली तेव्हा मागे कोणीतरी शिंकले आणि मी वळून पाहिले. सर शांतपणे म्हणाले, गेले तुझे माणूस.

पुन्हा बघितले तर खरेच बाहुला कुठे दिसेना.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. स्वयंपाकघरातून तिळाच्या वड्या आल्या. गोड बोलायचा आजचा दिवस म्हणून मी प्रवाशांशी दुप्पट गोड बोलले.

आज माझा पहिला तास झाला. तीन वाजता, सर्वांत वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावापाशी. ‘गोव्याची फुगडी’ असे फलकावर लिहिले होते. वीस-बावीस बायका आल्या, दोन आजोबाही. एक आजोबा म्हणाले, पडलो तर हिला सांगू नका, आणि बायकोकडे बोट दाखवले.

मी आमचा नियम आधी सांगितला. समोरासमोर उभे राहा, पायांची बोटे जोडीदाराच्या बोटांना लावा, हातांची अढी घाला, मागे झुका. तुमचे सगळे वजन समोरचीच्या हातांत असते आणि तिचे तुमच्या. वेग चढला की तोंडाने फू-फू असा श्वास सोडायचा. एकीने ‘पुरे’ म्हटले की दुसरीनेही हळू व्हायचे. आधी पाय थांबतात, मग हात सुटतात. आमच्या वाड्यावर मुलींना चालता येण्याआधी हे शिकवतात. आधी पाय, मग हात.

तास सुरू होण्याआधी सर मोठ्या पडद्यावर माझा व्हिडिओ लावतात. माझी निवड ज्यावर झाली तो. तांबड्या मातीवर दोन मुली फुगडी घालतात, मागे खाणीच्या खड्ड्यातले हिरवेगार पाणी. एक मी, दुसरी सिद्धी. तिच्या अंगावर पिवळी काठाची साडी, डोक्यात अबोलीचा वळेसर, आमच्याकडचा गजरा. ती खळखळून हसते आहे.

पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदांचे आकडे पळतात. सत्तावीस. तेवढाच मी कंपनीला पाठवला होता. मूळचा एक्केचाळीस सेकंदांचा होता. बाकीचा कापून, मूळ पुसून टाकला. का, ते इथे लिहायचे कारण नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

१६ जानेवारी, गुरुवार

कोची. नेट मिळाले तसे निरोप धडाधड आले. सुशीला मावशीचे पाच. रोज एक या हिशेबाने पाठवलेत. वेळार जेवता मगे? थंयच्या पावाक चव आसा? रडू नाका गे, तुजो बापूय बरो आसा, हांव शीत धाडटां ताका. माझ्या बाबांना ती भात पाठवते. तिची स्वतःची मुलगी जाऊन साडेचार महिने झाले, आणि ती माझ्या बाबांना भात पाठवते.

शेवटचा निरोप मी तीनदा ऐकला. "गौरू, म्हज्या चेडवाचो व्हिडिओ थंय दाखयतात खंय? म्हाकाय धाड गे. एकदां पळयतां."

तिच्या पोरीचा व्हिडिओ इथे दाखवणार, हे निघण्याआधी मी बाबांना बोलून गेले होते. त्यांनीच सांगितले असणार.

लिहूनच टाकते. इथे मराठी वाचणारी कोमल आहे, पण ती दुसऱ्याच्या वहीला हात लावायची नाही. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी सिद्धीने मावशीची लग्नातली साडी न विचारता ट्रंकेतून काढली आणि नेसली. मावशी रागाने म्हणाली, जा, परत तोंड दाखवू नको. संध्याकाळी खाणीच्या पाण्यातून सिद्धीला वर काढले, त्याच साडीत. तेव्हापासून मावशीला वाटते की आपल्या बोलण्याने पोरीने उडी मारली. देवघरासमोर बसते आणि स्वतःच्या तोंडावर मारून घेते. मी पाहिले आहे.

त्याच साडीतली, हसणारी सिद्धी ह्या व्हिडिओत आहे. मावशीने तो पाहिला तर तिला कळेल की पोर रागावलेली नव्हती, दुःखात नव्हती. आणि हेही कळेल की मी तिथे होते. मी तर पोलिसांना आणि सगळ्या गावाला सांगितले की आम्ही साखळीच्या बसस्टँडवरच वेगळ्या झालो.

मावशीला लिहिले, इथून व्हिडिओ जात नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आजचा व्हिडिओ जरा लांब वाटला. आकड्यांकडे पाहिले. तीस.

भास. काल झोप झाली नाही.

१८ जानेवारी, शनिवार

एकतीस. सिद्धीचा वळेसर सुटून मातीत पडतो. हे माझ्या सत्तावीसमध्ये नव्हते. मी आधीच कापले होते.

प्रज्योत सरांकडे गेले आणि विचारले, फाइल बदलली का? त्यांनी संगणकावर दाखवली. सत्तावीस सेकंद, माझ्याच नावाने. म्हणाले, अगो, बोट लागली तुला. आल्याचा तुकडा चघळ आणि लांबच्या क्षितिजाकडे बघ.

चघळला. इथे क्षितिजाशिवाय बघायला दुसरे काही नाहीच.

प्रवासी दर पाच दिवसांनी बदलतात. कालचा व्हिडिओ केवढा होता ते आजच्यांना कसे कळणार? रोज बघणारी मी एकटीच.

२० जानेवारी, सोमवार

तेहतीस.

जोडीसाठी नाशिकच्या एका बाईंना पुढे बोलावले. साठीच्या, गोऱ्यापान, कधी फुगडी घातली नव्हती म्हणाल्या. मी हात पुढे केले आणि त्यांनी धरले. अंगठा आत दुमडून. सिद्धी अशीच धरायची. तिचा उजवा अंगठा लहानपणी जात्यात सापडला होता, तो सरळ राहायचाच नाही, म्हणून ती तो माझ्या तळव्यात लपवायची. मी तिला चिडवायचे, तू माझ्या हातात उंदीर ठेवतेस.

नाशिकच्या बाईंचे हात ओले होते. पोहून आल्या असतील.

संध्याकाळी प्रवाशांचे अभिप्राय वाचले. सर दर फेरीला आम्हांला वाचायला देतात. एका कार्डावर सुंदर अक्षरात: "फुगडी शिकवणाऱ्या दोन्ही मुली गोड आहेत. विशेषतः पिवळ्या साडीतली उंच मुलगी. ती फारशी बोलत नाही, पण हसरी आहे."

सर म्हणाले, व्हिडिओतली म्हणत असतील. आणि विचारले, ती तुझी जोडीदार आता काय करते?

मी म्हटले, लग्न झाले तिचे.

किती पटकन आले तोंडात.

२१ जानेवारी, मंगळवार

चौतीस. आता आमचे हसणे थांबले आहे, नुसता फू-फू ऐकू येतो. पडद्यावर दर फेरीला एकदा माझा चेहरा समोर येतो. मी हसत नाही. मला वाटत होते मीही हसत होते.

हो, मी तिथे होते. आम्ही दोघी बसमधून खाणीच्या फाट्यावर उतरलो. व्हिडिओसाठी जागा सिद्धीनेच निवडली होती. म्हणाली, मागे हिरवे पाणी आणि खाली तांबडी माती, असा देखावा त्या जहाजवाल्यांनी जन्मात बघितला नसेल. खाण बंद पडल्यापासून तिथे कोणी येत नाही. मोबाइल माझा. जांभ्या दगडाला टेकवून ठेवला. पाऊस होऊन गेला होता, कड्याची माती भुसभुशीत. खड्डा आमच्यापासून दहा-बारा पावलांवर. लांबच वाटला होता.

तासात आज कोणालाही शिकवले नव्हते, तरी तीन बायकांनी अंगठे आत दुमडले.

२२ जानेवारी, बुधवार

पस्तीस.

तास संपल्यावर डेकवर पाणी मारतात. आज माणूस यायला उशीर झाला, म्हणून मी एकटीच उभी होते. पांढऱ्या जमिनीवर माझ्या बुटांचे फिकट ठसे. त्यांच्या समोर, बोटांना बोटे लावून, दोन अनवाणी पावले. तांबड्या मातीची. ओली.

ह्या समुद्रात तांबडी माती कुठून येणार?

मी बुटाने पुसायला गेले. पुसली नाहीत, पसरली. माझे बूट अजून तांबडे आहेत. साखळीतून नवे आणले होते.

२३ जानेवारी, गुरुवार

सरांना म्हटले, माझा व्हिडिओ लावू नका. हातापाया पडायचेच बाकी ठेवले. ते आश्चर्याने बघत राहिले, मग बरे म्हणाले. पडदा बंद. तीन वाजता मी निर्धास्त वर गेले.

काळ्या पडद्यात तलावाचे पाणी हलत होते. त्या पाण्यामागे आम्ही फिरत होतो. छत्तीस.

बायका पडद्याकडे बघून टाळ्या वाजवत होत्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

सदतीस. तिचे ओठ हलतात. आवाजही येतो.

"पुरे गे."

नियम ठाऊक आहे मला. एकीने पुरे म्हटले की दुसरीने हळू व्हायचे. मी झाले नाही. उलट वेग वाढवला.

कोमल म्हणते, मी झोपेत उजवा हात लांब करून बोट दाखवते. तिने हात खाली केला तर परत वर. चिडून म्हणाली, "गो, कोणाक दाखवतंस? थंय भिंत आसा." भिंतीपलीकडे पाणी. मग हळूच म्हणाली, कोणी पडला हा काय?

२५ जानेवारी, शनिवार

अडतीस.

आज लिहायलाच हवे.

त्या रविवारच्या आधी दोन दिवस कंपनीचा फोन आला होता. दोघींचे अर्ज मीच भरले होते, दोन्हींवर माझाच नंबर. म्हणाले, जागा एकच आहे, त्या उंच मुलीला आधी विचारतो, तिला सांगा. मी हो म्हटले. सिद्धीला सांगितले नाही. ती आपली म्हणत होती, दोघी जाऊ गे, नाहीतर कोणीच नको. तिला साधा संशय नव्हता. फुगडी घालताना मी तिच्याकडे बघत होते. मावशीची साडी, ते हसणे, तो वळेसर. मला वाटले, हिने एकदा आपटावे. सगळ्या जगासमोर, व्हिडिओत, चिखलात, मावशीच्या साडीसकट. बस एवढेच. मरावे असे नाही. देवाशपथ, मरावे असे नव्हते.

ती पुरे म्हणाली. आणि मी बोटे उघडली.

हात आधी. पाय अजून फिरत होते, आणि फिरता फिरता आम्ही कड्याजवळ सरकलो होतो.

अडतिसाव्या सेकंदाला ते दिसते. बोटे उघडतात. निसटत नाहीत. उघडतात. मी इतके दिवस स्वतःला सांगत होते की घामाने निसटली.

नंतर कंपनीचा परत फोन आला तेव्हा मी म्हटले, तिला आता रस नाही. आणि हा व्हिडिओ पाठवला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. नंतर सर्वांना फुगडी. चाळीस जोड्या. सगळ्यांचे अंगठे आत.

एकोणचाळीस. पडद्यावर मी एकटी उभी. खड्ड्याकडे बघत नाही. चालत मोबाइलकडे येते.

नजर हलवायची नाही असे शिकवतात. मी तर ती ठेवलीच नाही.

उरलेले मी कधी बघितले नव्हते. सत्तावीसवर कापताना पुढचे न बघताच पुसले.

जेवण जात नाही. पाण्याला लोखंडाचा वास. कोमल म्हणते, नाही येत.

२७ जानेवारी, सोमवार

चाळीस.

माझा चेहरा मोठा होत जवळ येतो. माझ्या खांद्यामागे कडा. कड्यावर मातीत दोन हात. हिरव्या बांगड्या. एक अंगठा वाकडा.

ती पडली नव्हती. धरून होती.

मी वळले असते तर. दहा पावले. फक्त दहा —

मला वाटले होते मागून येणारा तो आवाज घसरत्या दगडांचा. फू. फू. फू. तो तिचा श्वास होता. ती मला हाक मारायला श्वास जमवत होती.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी मुरगाव बंदर. लांबून खनिजाच्या तांबड्या राशी. नेट आले.

मावशीला तो सत्तावीस सेकंदांचा पाठवला. मागोमाग बोलून सगळे सांगितले. फोन, एकच जागा, पुरे, बोटे, हात. कड्यावरचे हातसुद्धा. सात मिनिटे लागली. ऐकल्याची खूण निळी झाली. मी जिन्यात बसून राहिले. हाउजी कोमलने घेतली.

अकरा वीसला मावशीचे उत्तर. थोडेच.

"हांसता गे ती. हांसता. म्हजेर राग नाशिल्लो तर."

मग बराच वेळ नुसती तिची धाप. मग रडणे. मग तिने मला एकच विचारले. सिद्धीने तुला हाक मारली होती का.

मी खरे सांगितले.

त्यानंतर मावशीचा निरोप नाही. येणारही नाही. बाबांचा भात बंद होईल. व्हावाच.

मला वाटले होते आता हे थांबेल.

तीन वाजता. एक्केचाळीस. माझे बोट पडद्यावर येते, सगळे काळे. संपले. काळ्यातून फू-फू. ते संपले नाही.

२९ जानेवारी, बुधवार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाईट. उजवा हात सकाळपासून कोणीतरी धरला आहे. दिसत नाही. तळव्यात वाकडा अंगठा. ओला, गार. मी सोडवत नाही.

कोमल सकाळी दारात थबकली. म्हणाली, तुझ्या पलंगाची चादर भिजली कशी, तांबडी कशी. मग माझ्या हाताकडे बघितले. सरांना बोलवायला गेली आहे.

पावणेतीन. मंचामागे बसले आहे. मावशीने दिलेल्या सहाही बांगड्या घातल्या. तिच्या हातात सहा, माझ्या हातात सहा.

पडदा सुरू झाला. बेचाळीस —

आता खाण नाही. आमचाच पांढरा डेक. तलाव, खुर्च्या, कठडा. ऊन आजचेच. दोघी फिरताहेत, एक पिवळ्या साडीत. दुसरीच्या पायात तांबडे बूट. प्रत्येक फेरीला कठडा जवळ.

लोक जमले. टाळ्या.

मावशी, हे कोणी तुला वाचून दाखवले तर — ती आताही हसते आहे. खरेच. तुझ्यावर तिचा राग नाही. जो आहे तो माझा, मला मिळू दे.

ती ओढते आहे. जोर नाही. लहानपणी अंगणात ओढायची तशी, चल गे म्हणत.

भीती वाटते. खूप. पण ह्या खेपेला ती पुरे म्हणेपर्यंत मी पुरे म्हणणार नाही. आधी पाय थांबतील, मग —